साठीनंतरचे संकल्प: झेपतील असे ठरवायचे कसे?

नेमस्त (धागाकर्ता) | २१ डिसेंबर, सकाळी ९:४०

दरवर्षी या सुमारास संकल्पांचे धागे निघतात आणि ते बहुतेक पस्तिशी-चाळिशीच्या मंडळींचे असतात. दहा किलो वजन कमी, रोज दहा हजार पावलं, साखर बंद. साठी-सत्तरीतल्या माणसाने तेच उचलले की जानेवारी संपायच्या आत एकतर गुडघा बोलतो, नाहीतर घरचे. म्हणून हा वेगळा धागा. विनंती एवढीच की ‘मन तरुण ठेवा’ छापाचे प्रतिसाद नकोत. माप सांगा. किती, कधी, कितीदा, काय बिघडतं आणि का बिघडतं.

सुरुवातीला माझ्याकडून सांगाडा टाकतो, त्यावर भांडा.

आपल्याकडे चातुर्मासाचा नेम असतो. आषाढी ते कार्तिकी अशी मुदत ठरलेली, माप ठरलेलं, शेवटी उद्यापन. ‘जन्मभर वांगं खाणार नाही’ असं कोणी म्हणत नाही. नव्या वर्षाचा संकल्पही चार महिन्यांचाच धरावा, १ जानेवारी ते ३० एप्रिल. मग उद्यापन, आणि पुढे चालू ठेवायचा का ते तेव्हा बघायचं. वर्षभराचा संकल्प या वयात टिकत नाही, कारण मध्ये मोतीबिंदू येतो, नातवंडाची मुंज येते, मुलीकडे दोन महिने जाणं येतं.

पहिले पंधरा दिवस नुसतं मोजायचं, काही बदलायचं नाही. किती चालता, किती वाजता झोपता, आठवड्यात किती वेळा बाहेरचं खाता. ३१ डिसेंबरच्या रात्री ठरवलेला आकडा हवेतला असतो.

एका वेळी दोनच संकल्प. त्यातला एक शरीराचा असेल तर दुसरा कागदाचा किंवा डोक्याचा. दोन्ही शरीराचे घेतले की एका तापात दोन्ही बुडतात.

आणि प्रत्येक संकल्पाला दोन मापं असावीत, एक पूर्ण आणि एक पडत्या दिवसाचं. पूर्ण माप २० मिनिटं चालणं असेल तर पडतं माप घरातल्या घरात ५ मिनिटं. पाहुणे आले, पाऊस आला, कंबर धरली, तर पडतं माप करायचं आणि वहीत खूण करायची. खाडा पडला तरी घाबरू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य व्हॉट्सॅपवर सोडून द्या.

---

पायाचा_दगड | २१ डिसेंबर, सकाळी ११:०५

फिजिओथेरपी हेच काम असल्याने शरीराच्या बाजूचं लिहिते. नेमस्तकाकांचं ‘आधी मोजा’ शंभर टक्के मान्य, पण नुसती पावलं मोजून भागणार नाही. घरच्या घरी तीन चाचण्या होतात. त्या आकड्यांवर संकल्प बांधा. चाचणीच्या वेळी शेजारी कोणीतरी उभं हवं.

खुर्ची चाचणी. बिनहाताची, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर फुली करून, ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजा. हाताचा आधार घ्यावा लागला तर शून्य धरायचं. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ आणि बायकांना ११ च्या खाली आलं, ७० ते ७४ मध्ये १२ आणि १० च्या खाली, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १० च्या खाली, तर मांड्यांची ताकद कमी पडते आहे आणि पडण्याचा धोका वाढलेला आहे.

उठून चालणं. खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीवर खूण करा. उठा, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आधी तोलावर काम करायचं, लांब चालायचे बेत नंतर.

तोल. ओट्याशेजारी उभं राहून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून, एका रेषेत १० सेकंद. नाही जमलं तर हाच तुमचा पहिला संकल्प. मॅरेथॉन जाऊ दे.

आता प्रत्यक्ष काम. चार महिन्यांसाठी मी एवढंच सांगते: आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड.

खुर्चीतून उठबस: पहिले दोन आठवडे ५-५ च्या दोन फेऱ्या, मध्ये एक-दोन मिनिटं विसावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ८-८. पाचव्यापासून १०-१०. आकडा त्यापुढे वाढवू नका, बसण्याचा वेग कमी करा. बसताना मनात एक-दोन-तीन मोजत टेकायचं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर गोधडीची घडी ठेवून उंची दोन-तीन इंच वाढवा आणि दर दोन आठवड्यांनी एक घडी उलगडा.

ओटा धरून टाचा उचलणं १० ते १५ वेळा. टाच-बोट रेषेत उभं राहणं दोन्ही बाजूंनी १०-१० सेकंद, ओट्याला फक्त बोटांची टोकं लावून.

चुका नेहमीच्या असतात. उठताना गुडघे आत वळतात. गुडघ्यांमध्ये छोटी उशी धरलीत तर ते लगेच कळतं. पाय खुर्चीपासून फार पुढे असतात, मग अंग झोकून उठावं लागतं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. आणि श्वास कोंडतात, त्याने रक्तदाब एकदम चढतो. उठताना मोठ्याने आकडा म्हणा, श्वास आपोआप सुटतो.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालेल. सांधा सुजला, किंवा व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं वाढलेलंच राहिलं, तर पुढच्या वेळी माप निम्मं करा. छातीवर दाब, चक्कर, धाप बसत नाही असं काही झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर.

---

उनाड_आजोबा | २१ डिसेंबर, दुपारी १:२०

मोजमाप उत्तम. पण १ जानेवारीलाच का? नाशिक-नागपूरकडे तेव्हा पहाटेचा पारा १० च्या खाली. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो आणि आपले लोक नेमके पाचला कानटोपी घालून बाहेर पडतात. संकल्प पाडव्याला सोडावा, आपलं नवं वर्ष तेच.

---

पायाचा_दगड | २१ डिसेंबर, दुपारी २:१०

आजोबा, पाडव्याला विदर्भात ऊन किती असतं ते आठवा. तेव्हा सुरू केलेलं चालणं पंधरवड्यात बंद पडतं. जानेवारीत थंडी हा प्रश्न नाही, पाच ही वेळ प्रश्न आहे. आठनंतर निघा. मुंबई-पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे धूर-धूळही खाली साचून राहते, दमेकऱ्यांनी तर ऊन वर आल्याशिवाय जाऊच नये. मार्चपासून वेळ सरकवून साडेसहा करा.

पावलांबद्दल: दहा हजार हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानात विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकातून नाही. साठीपुढच्यांसाठी ६ ते ८ हजारांच्या आसपास आयुर्मानावरचा फायदा सपाट होत जातो, असं २०२२ साली अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं. तुमची सरासरी २,८०० असेल तर ८,००० ची वाट धरू नका. दर दोन आठवड्यांनी ५०० वाढवा. फोनवर मोजत असाल तर तो खिशात हवा, टेबलावरचा फोन स्वयंपाकघरातल्या फेऱ्या मोजत नाही.

वेग किती? बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते. ती दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत केली तरी चालतात. पासष्टीपुढे त्यासोबत ताकद आठवड्यातून दोन दिवस आणि तोल तीन दिवस. हा दुसरा भाग लोक सोयीस्कर विसरतात.

बाहेर जाता येत नसेल तर गॅलरी. २० फुटांची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ५० वेळा म्हणजे ३०० मीटर. वळताना आलटून पालटून डावी-उजवीकडून वळा, एकाच बाजूने वळत राहिलं की गरगरतं.

---

उनाड_आजोबा | २१ डिसेंबर, दुपारी २:२५

बरं. आठ वाजता. पाडव्याचा मुद्दा मी सोडलेला नाही.

---

पुडी_बांधणारा | २१ डिसेंबर, रात्री ८:५०

औषधाच्या दुकानाच्या काउंटरवरून दिसणारे, जानेवारीत हमखास बिघडणारे तीन संकल्प:

१. ‘आता संध्याकाळी सहानंतर काही खाणार नाही.’ मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असेल किंवा इन्सुलिन असेल, तर जेवण टाळून गोळी घेतल्यावर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वागणं. म्हाताऱ्या माणसात नुसता गोंधळच दिसतो आणि घरचे त्याला ‘वय झालं’ म्हणतात. अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना लांबलचक उपास हा आणखी वेगळा धोका. उपासाचा संकल्प करायचा तर आधी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरकडून बदलून घ्या.

२. ‘कमी सोडियमचं मीठ वापरणार.’ त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी दाबाची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. विचारल्याशिवाय नको. आणि सैंधव हे काही हलकं मीठ नव्हे, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच.

३. ‘रोज दाब मोजणार.’ संकल्प चांगला, मोजणं वाईट. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, गोळी आणि चहाच्या आधी. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पाय एकावर एक नाहीत, पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. ती वही डॉक्टरांना दाखवा आणि मशीन कपाटात ठेवा. वर्षभर दिवसातून सहा वेळा मोजणाऱ्यांचा दाब मोजण्यानेच चढतो. जाड दंडाला मधल्या मापाचा पट्टा लावला तर आकडा खोटा जास्त येतो, मोठा पट्टा वेगळा मिळतो.

---

फोडणी | २२ डिसेंबर, सकाळी ७:१५

मिठाचा विषय निघालाच आहे तर माप देते. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक लहान चमचा. पण चमच्याने कोण मोजणार? भाजीत, आमटीत, कणकेत, ताकात हात जातोच. त्यापेक्षा बरणी मोजा. दोघांचं घर असेल तर महिन्याचे ३०० ग्रॅम. त्यातले ५०-७५ लोणचं, पापड, फरसाण, पाव यांच्या वाट्याचे सोडा. उरले २२५-२५०. महिन्याच्या १ तारखेला तेवढंच बरणीत भरायचं. एक किलोची पिशवी दोघांना चार महिने पुरली तर तुमचं जमलं. पिशवी दोन महिन्यांत संपत असेल तर पहिल्या महिन्यात थोडंच कमी करा, जीभ बदलायला वेळ लागतो. आमटीत मीठ कमी केलं की आमसूल किंवा लिंबू जरा वाढवा, आळणी वाटत नाही. ताटात वरून वाढायचं मीठ मात्र पहिल्या दिवसापासून बंद.

प्रथिनांचा संकल्प आपल्या घरांत जास्त गरजेचा आहे. वय वाढलं की जेवण कमी होतं, आणि कमी होतं ते नेमकं डाळ-उसळीचं. शेवटी उरतो मऊ भात आणि चहा-बिस्कीट. वृद्धांसाठी किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७०. शाकाहारी ताटात ते असं बसतं: सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, १२ ग्रॅम. दुपारी ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण ७, मटकीची उसळ (कोरडी ३० ग्रॅम) ७, दोन पोळ्या ७, दही १५० ग्रॅम ५. चारला मूठभर फुटाणे ६ आणि पेलाभर दूध ६. रात्री ५० ग्रॅम पनीर ९ आणि एक भाकरी ५. झाले ६४.

दातांनी फुटाणे होत नसतील तर डाळं मिक्सरमध्ये फिरवून दुधात किंवा ताकात. उसळ पचत नसेल तर मोड आणून नीट मऊ शिजवा आणि रात्रीऐवजी दुपारी खा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे माप घेऊ नये, त्यांचं गणित वेगळं.

---

निवांत_बाकडा | २२ डिसेंबर, सकाळी १०:३०

इतकं मोजत बसायचं तर जगायचं कधी? सत्तरीनंतर संकल्प कसले? मिळेल ते खावं, झेपेल ते करावं.

---

नेमस्त | २२ डिसेंबर, सकाळी ११:००

‘झेपेल ते’ म्हणजे किती, एवढंच तर इथे चाललंय. :-) मोजायचं पंधरा दिवस आणि मग दर महिन्याला एकदा. रोज नाही.

आणि बाकडेसाहेब, तुमच्यासाठी सोडायचे संकल्प आहेत, त्यात कष्ट काहीच नाहीत. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढणं बंद. ओल्या बाथरूममध्ये उभ्याने पायजमा घालणं बंद, बसून घालायचा. रात्री डोळ्यांवर समोरचा उजेड येत असेल तर अंधारात गाडी चालवणं बंद. गुळगुळीत फरशीवरची सैल पायपुसणी उचलून टाकायची. झोपेतून उठल्यावर पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून मगच उभं राहायचं, विशेषतः दाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर. हे पाच पाळले तरी वर्ष सत्कारणी लागेल.

---

निवांत_बाकडा | २२ डिसेंबर, सकाळी ११:२०

स्टूल सोडून बाकी मान्य.

---

हिशेबनीस | २२ डिसेंबर, दुपारी ४:४५

कागदाचा संकल्प मी सांगतो. बहुतेकांच्या यादीत ‘सगळे कागद एकदा लावायचे’ असतं आणि ते कधीच होत नाही, कारण ‘सगळे’ हे माप नव्हे. महिन्याला एक काम, तेही एका बैठकीत होईल असं.

जानेवारी: एकच वही. बँका, पोस्ट, मुदत ठेवी, विमा, म्युच्युअल फंड, लॉकर, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. प्रत्येकासमोर शाखा, खातं कोणाच्या नावे, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे. पासवर्ड आणि पिन या वहीत लिहायचे नाहीत. वही कुठे आहे ते घरातल्या किमान दोघांना सांगायचं.

फेब्रुवारी: नॉमिनी. निम्म्या जुन्या ठेवींत नॉमिनी एकतर नसतो, नाहीतर आधीच गेलेला असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, एकाच वेळी टक्केवारी वाटून किंवा एकामागून एक. लॉकरसाठी फक्त एकामागून एक. टक्केवारी दिली तर बेरीज १०० व्हायला हवी. मुदत ठेव स्वतंत्रपणे तपासा, बचत खात्याला लावलेला नॉमिनी ठेवीला आपोआप लागला असेल असं धरून चालू नका. पावती किंवा पासबुकावर नोंद छापून घ्या, ‘सिस्टीममध्ये आहे’ यावर उठू नका.

मार्च: मृत्युपत्र. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे ताब्यात घेणारा. मालकी मृत्युपत्राने नाहीतर वारसा कायद्याने ठरते. या एका गैरसमजावर भावंडं कोर्टात जातात. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवली तर पुढे ‘सही त्यांची नाहीच’ हा वाद अवघड होतो. साक्षीदार तुमच्याहून लहान वयाचे घ्या आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना घेऊ नका. वय पंचाहत्तरीपुढे असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं, शुद्धीत आणि समजून सही केल्याचं पत्र जोडा. मालमत्तेचं वर्णन सात-बारा, मिळकत पत्रिका किंवा खरेदीखतातून जसंच्या तसं उतरवा. ‘आमचा पुण्याचा फ्लॅट’ एवढं लिहून काम वाढतं.

एप्रिल: आरोग्याचे कागद. सत्तरी पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे. खासगी विमा असला तरी काढता येतं. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल लागतो. कार्ड काढून थांबू नका, जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आत्ताच बघून त्याच वहीत लिहा.

नोव्हेंबरला हयातीचा दाखला. ऐंशीपुढच्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस ९५ (भविष्य निर्वाह निधीकडून मिळणारी पेन्शन) वाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर फोनवर चेहऱ्याने होतो: जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप लागतात. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागे उजेड असला की चेहरा घेत नाही. पापण्यांची उघडझाप करायला सांगतं, ते लोक ऐकत नाहीत आणि अ‍ॅपला नावं ठेवतात.

पैशाचा आणखी एकच संकल्प: फोनवर कोणी पोलीस, कस्टम्स, सीबीआय म्हणून धमकावलं तर फोन ठेवायचा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचं काही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन. नुसता सल्ला, मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७.

---

परदेशी_पाखरू | २३ डिसेंबर, पहाटे ५:०५

न्यू जर्सीहून लिहितेय. आई ७१, बाबा ७६, दोघंच साताऱ्याला. त्यांच्यासाठी घड्याळ मागवलंय, म्हणजे इकडून त्यांची पावलं बघता येतील. संकल्प मी ठरवून दिला तर चालेल का?

---

पायाचा_दगड | २३ डिसेंबर, सकाळी ९:२०

ताई, घड्याळ पाठवा, पण आकडे त्यांनाच बघू दे. मुलीने सातासमुद्रापलीकडून ‘आज १,९०० च का?’ विचारलं की घड्याळ पंधरा दिवसांत टेबलाच्या खणात जातं. त्याऐवजी फोनची वेळ बांधा. त्यांच्या उठबशीच्या तीन दिवशी, व्यायाम झाल्यावर लगेच, दहा मिनिटं. व्यायामाचा विषय काढायचा नाही. फोन येणार म्हणून व्यायाम होतो.

तुमचा खर्च करायचाच असेल तर बाथरूममध्ये धरायचे दांडे लावून घ्या. टॉवेलची नळी चालत नाही, ती अंगाचा भार घेत नाही, धरल्यावर उपटून हातात येते. स्टेनलेस स्टीलचा, मुठीत नीट मावेल एवढा, साधारण सव्वा ते दीड इंच जाडीचा दांडा. कमोडच्या बाजूला आडवा आणि नळाशेजारी उभा. आडवा दांडा फरशीपासून ८० ते ९० सेंमीवर, पण आई-बाबांना प्रत्यक्ष बसवून, हात कुठे जातो ते बघूनच खूण करायला सांगा. भिंत विटांची की काँक्रीटची ते कारागिराने ठोकून बघायचं आणि अँकर त्याप्रमाणे घ्यायचा. टाइलमागे पोकळी असेल तर जागा बदला. झाल्यावर कारागिरालाच त्याला पूर्ण भाराने लटकायला लावा. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे ऑनलाइन स्वस्त मिळतात, ते घेऊ नका.

---

बोरू | २३ डिसेंबर, दुपारी १२:१५

डोक्याचा संकल्प कोणीच लिहिला नाही. ‘काहीतरी नवीन शिकणार’ हे फसतं, कारण शेवट कुठे ते माहीत नसतं. शेवट ठरवा. उदाहरण मोडी लिपीचं देतो, कारण निवृत्तांचा ओढा तिकडे असतो आणि बरेच जण महिन्याभरात सोडतात.

शेवट असा: घरातलं एक जुनं खरेदीखत किंवा पत्र, त्यातलं एक पान वाचणं. चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, २० मिनिटं. पहिले तीन आठवडे दिवसाला तीन अक्षरं. आधी ओळभर रेघ ओढायची आणि अक्षरं तिच्याखाली लटकवायची, बाळबोधीसारखं (म्हणजे देवनागरीसारखं) अक्षरामागून रेघ नाही. हा हात बसला नाही तर वळण येत नाही. मग बाराखडी. इथे दिलासा आहे, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. दुसऱ्या महिन्यात छापील मोडी वाचा. हस्तलिखित तिसऱ्या महिन्यात. सगळे गडबड करतात ती इथेच, पहिल्या आठवड्यात पेशवाईतलं पत्र उघडून बसतात. त्यात शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात, आणि अक्षरं यायच्या आत माणूस हरतो.

कागद मूळचा हाताळू नका, फोटो काढून दीडपट मोठी छापील प्रत घ्या. डोळ्यांना सोपं, आणि वर पेन्सिलने लिहिता येतं. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुराभिलेखागार दोन्हीकडे मोडी हा रोजचा विषय आहे, तिथे चौकशी करा. एकट्याने शिकण्यापेक्षा दोघा-तिघांत शिका. एकाला अडलेला शब्द दुसऱ्याला दिसतो.

---

उनाड_आजोबा | २३ डिसेंबर, दुपारी ३:३०

माझा दुसरा संकल्प ठरला: महिन्याला एक गाव. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ ना अर्धं तिकीट. आधार जवळ ठेवायचं. एक प्रश्न. मध्येच फ्लू झाला, आठ-दहा दिवस अंथरुणात गेले, तर फिजिओताई, पुन्हा सुरू कुठून करायचं? जिथे सोडलं तिथून?

---

पायाचा_दगड | २३ डिसेंबर, सायंकाळी ६:००

नाही. ताप उतरल्यावर दोन दिवस नुसतं घरात वावरणं. मग पडत्या मापाने तीन-चार दिवस. मग निम्म्या मापाने एक आठवडा, आणि त्यानंतर जुन्या मापावर. उठबस १०-१० ची होती तर ५-५ ने, आणि खुर्चीवर गोधडीची घडी परत ठेवा. आठ दिवस पडून राहिल्यावर मांड्यांची ताकद वाटते त्याहून जास्त गेलेली असते, म्हणून खुर्ची चाचणी पुन्हा घ्या आणि नव्या आकड्यावरून मोजा. धाप, छातीत धडधड राहिली तर दाखवून मगच. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, ती घेतली नसेल तर बरं झाल्यावर डॉक्टरांना विचारून घ्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर वाकणं, जड उचलणं किती दिवस नाही ते सर्जनकडून लिहून घ्या. घरातलं चालणं सहसा लगेच चालतं, ओट्याशी टाचा उचलणं कधीपासून ते त्यांनाच विचारा. एका डोळ्यावर पट्टी असताना तोलाचा व्यायाम मात्र अजिबात नको.

---

नेमस्त | २३ डिसेंबर, रात्री ९:१५

पहिल्या पंधरवड्याच्या मोजमापाचे आकडे १६ जानेवारीला याच धाग्यावर टाका. खुर्ची चाचणीचा आकडा, पावलांची सरासरी, मिठाच्या बरणीत उरलेलं वजन. बाकडेसाहेबांनी स्टुलाची उंची टाकली तरी चालेल.